पूजेपुरती विश्रांती

'तीनदा झालं,' शारदक्का फोनवर म्हणाली. 'एकदा तुझा सर्व्हर बसला, एकदा तो उठेना, एकदा त्याच्यात कसला तो विषाणू शिरला. हॉस्पिटलातल्या पेशंटांपेक्षा तुझी ती पेटीच जास्त आजारी असते. या खेपेला आली नाहीस तर दूताचं काम मालिनीला. कायमचं. मग माझ्यावर रुसायचं नाही.'

वसुधाने 'येते' म्हटलं, आणि शारदक्काने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. 'येते' हा शब्द तिने तीनही वेळा ऐकला होता.

शारदक्काचा बायकांचा ताळमद्दळे संघ शिरसीच्या भागात बऱ्यापैकी नाव राखून होता. ताळमद्दळ्यात रंग नाही, वेश नाही, नाच नाही. भागवत म्हणजे मुख्य गायक पदं गातो, मद्दळे म्हणजे मृदंगासारखं वाद्य वाजतं, आणि राजा नि दूत साध्या साडीत समोरासमोर बसून ऐन वेळी सुचेल त्या बोलण्याने एकमेकांना अडवतात. पाठ केलेलं तिथे चालत नाही, आणि तीच तर गंमत. वसुधा लग्नाआधीपासून दूत व्हायची. राजा शारदक्का. ती समोरच्याला असं कोंडीत पकडायची की गावोगावची माणसं खास ते बघायला यायची. पण लग्न झालं, नोकरी लागली आणि आता वसुधा आठवडाभर बोलून थकायची ती माउस, प्रिंटर आणि पासवर्ड यांच्याविषयी.

ट्रस्टच्या ऐंशी खाटांच्या हॉस्पिटलात संगणकांची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती. गेली नऊ वर्षं. हुद्दा मोठा होता, माणूस मात्र एकच. तपासणीचे रिपोर्ट, औषधांचं दुकान, केसपेपर, सगळं एका खोलीतल्या तीन पेट्यांवर चालायचं आणि त्या तीन पेट्या वसुधावर. शिवाय ज्याला वायर लागते असं जे जे काही बिघडेल, त्याचा फोन तिलाच. एका रविवारी सासूबाईंनी, म्हणजे कावेरीअत्त्यांनी, भाजी चिरता चिरता हिशेब ठेवला. दिवसभरात तेवीस फोन.

'त्यातले खरे दोन,' अत्ते म्हणाल्या. 'बाकीचे पंखा कुरकुरतो नि टीव्ही दिसत नाही. तुझ्या लग्नात हा फोन आला असता तर मी दारात त्यालाच ओवाळलं असतं. सून म्हणून तोच नांदतोय.'

अत्त्यांचं हे बोलणं वसुधाला टोमणा वाटायचं, आणि टोमण्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, तेवढा वेळ नसायचा.

पण खरं सांगायचं तर दोष सगळा हॉस्पिटलचा नव्हता. एखाद्या दिवशी फोन आलाच नाही तर वसुधा बाईसाहेब दुपारपर्यंत अस्वस्थ व्हायच्या आणि आपणच काउंटरवरच्या फिलोमिनाला विचारायच्या, 'सगळं ठीक ना?' काम शिकवायला कुणी माणूस दिला तर 'एवढं समजावण्यापेक्षा मीच करते' म्हणायच्या. कुठली पेटी कधी चालू करायची, कुठली वायर कुठे जाते, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते वसुधाच्या डोक्यात होतं. आपल्यावाचून चालत नाही याची माणूस तक्रारही करतो आणि ती गोष्ट उशाशी घेऊन झोपतोही.

आयुधपूजेचा दिवस उजाडला. कार्यक्रम दुपारी तीनला, वसुधाच्या माहेरच्या गावी, देवळाच्या मंडपात. शिरसीपासून चाळीस किलोमीटर. सकाळी ती हॉस्पिटलात जाऊन आली. तिथे मंजप्पाची धांदल चालली होती. मंजप्पा म्हणजे हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन. जनरेटर, लिफ्ट, पाण्याची मोटर, रुग्णवाहिका, सगळ्यांना त्याने झेंडूच्या माळा घातल्या होत्या, चाकांखाली लिंबं ठेवली होती, आणि एकेका यंत्राला आळीपाळीने पूजेपुरतं बंद ठेवत होता. वर्षभर राबणाऱ्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, त्याला विसावा द्यायचा, हे तो बापाकडून शिकला होता.

'मंजप्पाण्णा, माझ्या खोलीच्या दाराला बाहेरून गंध लावा. आत जायचं नाही,' वसुधाने सांगितलं.

'दरवर्षी हेच सांगता, मेडम.'

'कारण दरवर्षी तुम्ही आत डोकावता.'

घरी तिचा नवरा श्रीपाद सुपारीच्या बागेतले कोयते-विळे मांडून पूजेला बसला होता. गाडी सकाळीच पूजा उरकून मोकळी झाली होती. वसुधा निघाली तर अत्ते साडी बदलून, काढ्याचा थर्मास काखोटीला मारून गाडीत बसलेल्या.

'तुम्ही येताय?'

'का, तिकीट आहे?'

वाटेत फोन चारदा वाजला. चारही वेळा पंखा-टीव्ही जातीचे. मंडपात पोचल्यावर शारदक्काने डोळे मिटून हात जोडले, जणू देवच मंडपात आला, आणि लगेच हात पुढे केला. 'फोन. बैठकीवर फोन चालायचा नाही.'

वसुधाचा हात फोनवर घट्ट बसला. अत्त्यांनी तो तिच्या बोटांतून सोडवून घेतला.

'माझ्याकडे दे. वाजला तर मी घेते. मी काही त्या हॉस्पिटलची नोकर नाही, मला कोण काय बोलणार?'

'खरंच काही असलं तर मला खूण करा.'

'करीन,' अत्ते म्हणाल्या, पुढच्या रांगेत खुर्ची बघून बसल्या आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

भागवताने पहिलं पद धरलं, मद्दळे बोलू लागलं, आणि वसुधाला वाटलं होतं त्याहून लवकर तिची जीभ सुटली. नमस्कार झाला, निरोप सांगून झाला. शारदक्का मांडी बदलून बसली. ती मांडी बदलली की समोरच्याने सावध व्हायचं, हे तिच्या श्रोत्यांनाही माहीत होतं.

'दूता,' राजा म्हणाला, 'परक्याच्या घरचं भांडण मिटवायला इतक्या लांब आलास. तुझ्या मागे तुझं घर कोण राखतंय?'

लोक हसले. त्यांच्यातल्या निम्म्यांना तिच्या तीन नागा ठाऊक होत्या. आणि नेमक्या त्याच क्षणी पुढच्या रांगेतून अत्ते उठल्या. फोन कानाला, पदर सावरलेला, पायऱ्यांकडे चाललेल्या. वळून त्यांनी वसुधाकडे बघितलं. खूण केली नाही. हाताने 'चालू दे' असं मात्र केलं आणि खांबाआड गेल्या.

वसुधाच्या डोक्यात तीन पेट्यांची खोली उभी राहिली. तिला वाटलं, उठावं. उठली असती तर शारदक्का एक शब्द बोलली नसती, आणि दूताचं काम त्या संध्याकाळी मालिनीचं झालं असतं. मद्दळे वाजवणाऱ्या बाईने दोन आवर्तनं जादा घेऊन तिला सांभाळलं. खांबामागून पदराचं एक टोक दिसत होतं. ते हलत नव्हतं.

'महाराज,' दूत शेवटी बोलला, 'ज्याचं घर राखायला कुणी नाही तो दूत होऊच शकत नाही. तो उंबरठ्यावरच उभा असतो. मी तुमच्या दारात येऊन एवढी बडबड करतोय ती स्वतःच्या जोरावर नव्हे. मागे कुणीतरी जागं बसलंय. त्याचं नाव या दरबारात कुणी घेणार नाही. म्हणून मी घेतो. आधी त्याला नमस्कार, मग तुम्हाला.'

आणि तिने खांबाच्या दिशेने हात जोडले. मंडपात टाळी पडली. शारदक्काने क्षणभर राजा बाजूला ठेवून मान डोलावली, आणि मग आणखी पाऊण तास दूताला सोलून काढला.

अत्ते कार्यक्रम संपता संपता आत आल्या. वसुधा बैठकीवरून उतरून थेट त्यांच्याकडे गेली.

'कोण होतं?'

'आधी पाणी पी.'

'अत्ते, कोण होतं?'

'फिलोमिना. तुमच्या सगळ्या पडद्यांवर काळोख झाला होता. झाला, मिटला.'

'मिटला म्हणजे? कुणी मिटवला?'

मग अत्त्यांनी पायरीवर बसून सगळं सांगितलं. मंजप्पाने यंदा मेडम नाहीत असं बघून सर्व्हरच्या खोलीत पाऊल टाकलं होतं. तिन्ही पेट्या पूजेपुरत्या बंद केल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या, माळा घातल्या, नमस्कार केला, आणि ट्यूबलाइट लावाव्यात तशा तिन्ही एकदम चालू केल्या. वरची पेटी उठली आणि खालची अजून झोपेत, त्यामुळे वरचीला आपली माहितीच सापडेना. रिपोर्ट बंद, औषधं बंद, काउंटरवर रांग.

'मी मंजप्पालाच फोनवर बोलावून विचारलं, सगळं एकदम लावलंस का? म्हणाला, हो आम्मा. मग म्हटलं, आता तिन्ही बंद कर, वरून खाली. दहा मिनिटं हात लावू नकोस. मग आधी सगळ्यात खालची. तिचे चार हिरवे दिवे स्थिर होईपर्यंत मधलीकडे बघायचंही नाही. मग मधली. मग वरची. नि पुन्हा अडलं तर असू दे म्हणून माझा नंबर दिला त्याला.'

'हे तुम्हाला कुणी सांगितलं?'

'तूच. नऊ वर्षं. मी भाजी चिरत असते तेव्हा तू दुसरं काय बोलतेस? रात्री झोपेत विचारलंस तरी म्हणून दाखवीन.' अत्त्यांनी थर्मासच्या झाकणात काढा ओतला. 'फिलोमिना रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, पेन नाही का तुमच्याकडे? वसुधा यायच्या आधी तुमचं हॉस्पिटल काय बंद असायचं? तोवर कागदावर लिहा. मग कुणीतरी पासवर्ड विचारला. मी म्हटलं, सुनेचा पासवर्ड सासूला माहीत असता तर एवढी वर्षं एका घरात राहिलो असतो का?'

वसुधाने फोन घेतला, त्यावरूनच हॉस्पिटलच्या यंत्रणेत शिरून स्वतः सगळं तपासलं. तिन्ही पेट्या चालू, रिपोर्ट येत होते, दुपारचा बॅकअपही जागच्या जागी. पन्नास मिनिटं गेली होती. पन्नास मिनिटांत ती शिरसीच्या वेशीपर्यंतही नीट पोचली नसती.

आपल्यावाचून अडलं नाही हे कळल्यावर माणसाला पहिल्यांदा सुख होत नाही. वसुधालाही झालं नाही. काढा हातात तसाच राहिला. नऊ वर्षं जे एकटीच्या डोक्यात जपलं ते एक इलेक्ट्रिशियन आणि एक सासू देवळाच्या पायरीवरून करून मोकळे झाले. तिने रागानेच मंजप्पाला फोन लावला.

'मेडम, चुकलं,' तो आधीच म्हणाला. 'मोठ्या डॉक्टरांना सांगायचं असेल तर सांगा. पण तुम्ही म्हणता आत जाऊ नको, म्हणून नऊ वर्षं सगळ्या यंत्रांना विसावा दिला आणि तुमच्या पेटीला नाही. बाकीची पूजेपुरती तरी थांबली. ही बिचारी कधीच नाही. मला दरवर्षी लागून राहायचं.'

वसुधाने तोंडाशी आलेलं गिळलं. ती म्हणाली, 'अण्णा, डॉक्टरांना मी सांगते. चूक माझी, मी तुम्हाला क्रम कधी लिहून दिला नाही. उद्या लिहू. तुमच्या अक्षरात, माझ्या नको, मग तुम्हाला वाचता येईल. आणि पुढच्या वर्षी पूजेला तिला आपण दोघं मिळून बंद करू, आधी सगळ्यांना कळवून.'

'उद्या दसरा आहे, मेडम.'

'मग परवा.'

'परवाही आरामात या,' मंजप्पा म्हणाला. 'आम्मांचा नंबर आहे माझ्याकडे.'

शारदक्का पायऱ्या उतरत वही घेऊन आली. कार्तिकातले दोन कार्यक्रम होते. 'लिहू का नाव?' तिने विचारलं, वसुधाला नव्हे, अत्त्यांना. अत्त्यांनी सुनेकडे बोट केलं. वसुधाने वही घेऊन दोन्ही ठिकाणी स्वतःच नाव लिहिलं.

परतताना अत्त्यांनी गाडीत डोकं मागे टेकलं. वसुधाला वाटलं, थकल्या. मग त्या म्हणाल्या, 'चाळीस किलोमीटर आले नि निरोपापुढे एक अक्षर ऐकलं नाही. मला कुणीतरी सांगितलं, तू मध्येच खांबाला नमस्कार केलास. खांबात काय होतं?'

'सांगते.'

'सांगू नकोस, कर. पहिल्यापासून. राजा मी होते.'

'तुम्हाला येतं?'

'शारदक्कापेक्षा जास्त खोचक येतं. विचार कुणालाही.'

वसुधाने गाडीचा वेग कमी केला, घसा खाकरला आणि स्टिअरिंगवरच्या दोन्ही हातांनी जमेल तसा नमस्कार केला. निरोप सांगून झाला. अत्त्यांनी सीटवर मांडी बदलली.

'दूता,' राजा म्हणाला, 'तुझा धनी स्वतः का नाही आला? त्याचं तुझ्यावाचून अडतं, की तुझं त्याच्यावाचून?'

वसुधाने पुलाआधी गिअर बदलला.

'महाराज, मला वाटायचं त्याचं अडतं,' दूत म्हणाला.

'हे उत्तर झालं नाही. ही कबुली झाली. पुन्हा.'

वसुधा हसली, आणि घर यायच्या आत पूर्ण प्रसंग बसावा म्हणून गाडी आणखी हळू चालवू लागली.