तांब्याचा एक इलेक्ट्रॉन

वहीत चोवीस नंबरला गडबड होती, आणि ती वहिनीच्या नजरेतून सुटली नाही.

वही नणंदेची. दोघी एकाच प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या, कारखान्यात कामाला होत्या. वहिनी बारा वर्षं टाक्यांवर, नणंद चार वर्षं तपासणीच्या टेबलावर. दोघींनी विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा मालकाने सांगून टाकलं: रसायनशास्त्राच्या पहिल्या पेपरात जिला जास्त गुण, ती प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हणजे काचेचं दार असलेली एक खोली. पण त्या दारातून क्रोमच्या टाकीची वाफ आत जात नव्हती. वहिनीच्या नाकातून आठवड्याआड रक्त यायचं. डॉक्टरने औषध लिहून दिलं होतं आणि वर म्हणाला होता, "औषध नुसतं नावाला. जागा बदला."

पेपर अणुरचनेवर, गुरुवारी दुपारी तीनला. त्यातला मुख्य तास वहिनीचा जादा पाळीमुळे बुडाला होता. सोमवारी सकाळी नणंदेने आपणहून वही आणून दिली.

"घ्या वहिनी, सगळं उतरवून घ्या. घाई नाही."

घाई नाही म्हणे. जिच्याशी चढाओढ, तिच्या हातात कुणी आपली वही ठेवतं?

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वहिनीने उतरवायला घेतलं. नियम सरळ होता. अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या खोल्या ठरलेल्या. फोर-एस ही लहान खोली, तिथे आधी दोघे जातात. मग थ्री-डी या मोठ्या खोलीत एकेक करून दहा जण भरतात. एकविसाव्या मूलद्रव्याला, बाविसाव्याला, तेविसाव्याला बरोबर तसंच. चोविसावं क्रोमियम. इथे लहान खोलीत एकच लिहिलेला, आणि मोठीत चारऐवजी पाच. पंचविसाव्याला पुन्हा लहान खोलीत दोन. पुढे अठ्ठावीसपर्यंत सुरळीत, आणि एकोणतिसाव्या तांब्याला परत एक.

क्रोमियम आणि तांबं. वहिनीच्या रोजच्या टाक्यांतले दोन धातू. चूकच करायची तर माणूस कुठेही करेल. नेमकी याच दोन ठिकाणी?

वही शिवलेली होती. मधलं एक पान फाडलं की त्याचं जोडपान सुटं होतं. वहिनीने वही उलटी धरून हलवली. मागच्या बाजूचं एक कोरं पान अलगद टेबलावर पडलं. म्हणजे पुढचं एक पान फाडलेलं होतं. शिवणीपाशी बोट फिरवलं तर त्याच धड्यानंतरचं.

संध्याकाळी तिने विचारलं, "वन्सं, ग्रंथालयातलं पुस्तक तुमच्याच नावावर आहे ना?"

नणंदेने मान वर केली. एरवी ती वहिनीची 'चिमी' होती. काही बिनसलं की 'वन्सं' आणि 'तुम्ही'.

"आहे. पण ऑफिसच्या कपाटात राहिलं. का हो, काही अडलं?"

"मला काय अडणार. तुमची वही आहे की."

"आज एकदम वन्सं?" जेवताजेवता वहिनीचा नवरा म्हणाला. "मी बाहेर जाऊन बसू का?"

"तू जेव दादा," नणंद म्हणाली. मग वहिनीकडे वळून, जरा अडखळत, "वहिनी, फोर-पीची खोली भरल्यावर पुढे कुठली? फोर-डी की फाइव्ह-एस? माझा गोंधळ होतोय."

फाइव्ह-एस. वहिनीला ते झोपेतही सांगता आलं असतं. तिने आमटी वाढून घेतली.

"फोर-डी," ती म्हणाली. "चारचं सगळं आटपल्याशिवाय पाच कसं येईल?"

"खरंच की," नणंद म्हणाली.

रात्री वहिनीने आपल्या वहीत क्रोमियम आणि तांबं दुरुस्त केलं. दोघांनाही लहान खोलीत दोन-दोन.

गुरुवारी नणंदेने रजा टाकली. वहिनी बारापर्यंत टाकीवर होती. त्या दिवशी पितळी नळांचं काम होतं: आधी सायनाइडच्या टाकीत तांब्याचा थर, मग आम्लाच्या टाकीत दुसरा. भिंतीवर जुन्या केमिस्टने टांगलेला तक्ता होता. तेवढाच करंट, तेवढाच थर; सायनाइडला वीस मिनिटं, तर आम्लाला चाळीस. बारा वर्षं ती घड्याळाकडे बघून नळ काढत आली होती. केमिस्ट एकदा म्हणाला होता, "सायनाइडमधल्या तांब्याला एकेक इलेक्ट्रॉन पुरतो, आम्लातल्याला दोन लागतात. म्हणून वेळ दुप्पट." तेव्हा तिने नुसती मान डोलावली होती.

आता तिचा हात नळावरच थांबला. सायनाइडमधल्या तांब्याला एकच इलेक्ट्रॉन परत लागत असेल, तर त्याने आधी एकच गमावला असणार; म्हणजे बाहेरच्या, लहान खोलीत तो एकटा असला पाहिजे. शेजारी जस्ताची टाकी होती. जस्त कुठल्याही टाकीत घाला, दोनच. आणि वहीत जस्ताला दोनच होते.

वही बरोबर होती. तांब्याचं बरोबर, तर क्रोमियमचंही असणार. तिने हातमोजे काढले. फोर-डीचं उत्तर मात्र तिने खोटंच दिलं होतं.

परीक्षेच्या खोलीबाहेर नणंद भिंतीला टेकून उभी होती. घंटेला सहा मिनिटं होती.

"चिमे," वहिनी म्हणाली, "फोर-पीनंतर फाइव्ह-एस. मी सोमवारी मुद्दाम उलटं सांगितलं."

"माहीत आहे."

"म्हणजे?"

"तुम्ही सांगितलंत, आणि मी मंगळवारी पुस्तकात बघितलं. तुम्ही उत्तराआधी आमटी वाढून घेतलीत, तिथेच शंका आली." नणंद हसली नाही. तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "हे घ्या. क्रोमियम आणि तांबं असं का वागतात, त्याचं कारण यात आहे. सरांनी सांगितलं, सहा गुणांना येईल. मी वही देण्याआधी काढून ठेवलं."

वहिनीने घडीकडे पाहिलं. कडेला फाटक्या शिवणीचा दोरा लोंबत होता.

"उत्तर खरं दिलंस आणि कारण ठेवून घेतलंस."

"खोटं लिहायला हात धजावला नाही."

"माझा धजावला," वहिनी म्हणाली. तिने कागद घेतला, उभ्याउभ्या दोनदा वाचला. पाच म्हणजे दहाची निम्मी खोली, दहा म्हणजे भरलेली. दोन्हींत अणू जास्त स्थिर, म्हणून एक जण लहान खोलीतून उठून तिकडे जातो. एवढंच होतं. तिने कागद परत दिला.

"नाकाचं कसं आहे?" नणंदेने विचारलं.

"आज नाही आलं."

घंटा झाली. दोघींचे क्रमांक मागेपुढे होते. नणंद पुढच्या बाकावर, वहिनी तिच्या मागे. पाचवा प्रश्न तांब्यावरच होता, सहा गुणांचा, कारणासह. वहिनीने लहान खोलीत एकच इलेक्ट्रॉन मांडला, कारण लिहिलं, आणि खाली दोन टाक्यांच्या वेळांचा दाखलाही जोडला. तो कागदावर नव्हता, पुस्तकातही नसावा.

मग तिने वर पाहिलं. नणंदेने डावा हात वळवून आपला पेपर झाकून घेतला होता. पाठीमागून काही दिसणार नव्हतंच, तरी.

वहिनीने स्वतःच्या पेपरकडे पाहिलं. पुढचीला मागे वळता येणार नव्हतं, पर्यवेक्षक समोरच उभा होता. तिनेही दाखल्यावर हात आडवा ठेवला आणि सहावा प्रश्न वाचायला घेतला.