मागची सीट

"जरा बसून बघ," भट्टीवाला म्हणाला.

त्याच्या बायकोने हातातली पर्स शोरूममधल्या टायवाल्या माणसाकडे दिली आणि मोटरसायकलच्या मागच्या सीटवर चढून बसली. गाडी स्टँडवर उभी होती. पुढे कोणीच नव्हतं. तरी ती एक हात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा हवेत धरून ताठ बसली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय."

"कंबरेला?"

"बरं आहे म्हटलं ना."

टायवाल्याने तोवर इंजिनाची ताकद, पेट्रोलचं ॲव्हरेज, फुकटचं सर्व्हिसिंग असं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं होतं. या गिऱ्हाइकाने त्यातलं एक अक्षर मनावर घेतलेलं दिसत नव्हतं. आल्यापासून याची सगळी तपासणी मागच्या सीटची. ती मुठीने दाबून बघितली, विती लावून मोजली, पाय ठेवायची दांडी हलवून बघितली. शेवटी टायवाल्याला राहवेना.

"साहेब, गाडी चालवणार कोण?"

"मीच."

"मग तुम्ही पण बसा की एकदा."

"माझं काय, मी कुठेही बसतो."

हे चौथं शोरूम होतं. पहिल्या शोरूममधल्या गाडीची मागची सीट इतकी उंच, की तिच्यावर चढायला स्टूल लागलं असतं. दुसरीकडे सीट ठीक, पण धरायला काही नाही. तिसरीकडच्या माणसाने "काकूंना स्कूटर घेऊन द्या वेगळी" असा आगाऊ सल्ला दिला आणि भट्टीवाला तिथून तडक बाहेर पडला. टायवाल्याला हे काही माहीत नव्हतं. त्याने बाईंची पर्स काखोटीला मारली आणि नशिबाला दोष दिला.

भट्टीवाला हे नाव त्याला कारखान्यात पडलं होतं. काचेच्या बाटल्यांचा कारखाना. साच्यातून निघालेली तापलेली बाटली ज्या लांबलचक भट्टीतून हळूहळू गार होत बाहेर येते, ती भट्टी त्याच्या ताब्यात होती. गार करण्याचंच काम, पण घाई चालत नाही. घाईत गार केलेली बाटली वरून धडधाकट दिसते आणि चार दिवसांनी कुणाच्या तरी हातात आपोआप तडकते. भट्टीतून निघालेल्या बाटल्या पुढे पट्ट्यावरून एका पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून जात, आणि तिथे त्याची बायको बसलेली असे. केसाएवढा तडा, काचेत अडकलेला बुडबुडा, तिरकी मान, काही तिच्या नजरेतून सुटत नसे. कारखान्यात तिला दुर्बीण म्हणत. गल्लीतल्या टवाळांनी तिला बाटलीवाली म्हणून बघितलं होतं, पण तिने एकदा वळून नुसतं बघितल्यावर ते नाव मागे पडलं.

दोघं एकाच गाडीवरून कामाला जात. जायला तास, यायला तास. घरात दोन खोल्या, त्यात त्याची आई, कॉलेजात जाणारी मुलगी, आणि आईची अखंड चालू असलेली मालिका. तेव्हा बोलायचं काही असेल तर ते गाडीवर. ती हनुवटी त्याच्या डाव्या खांद्याला लावून कानाशी बोलायची आणि तो समोर रस्त्याकडे बघत हूं हूं करायचा. मुलीला कुठल्या शाखेला घालायचं ते गाडीवर ठरलं. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, त्याची सुटलेली तंबाखू, त्याच्या भावाशी झालेला अबोला आणि तो मिटवायचा कसा, हे सगळं गाडीवर. मुलीच्या पाठचं मूल पोटातच गेलं, तेसुद्धा डॉक्टरकडून परतताना तिने त्याला मागूनच सांगितलं होतं. गाडी त्याने घराच्या वळणावर न वळवता तशीच पुढे नेली होती, पेट्रोल संपत येईपर्यंत. लोक संसार चार भिंतींत करतात म्हणे. यांचा रस्त्यावर झाला, आणि चांगला झाला.

मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. जुन्या गाडीचं इंजिन जाम झालं आणि मेकॅनिकने हात टेकले. आणि कारखाना शहराबाहेर हलवायचं पक्कं झालं, पन्नास किलोमीटरवर. गाडी बंद पडल्यापासून दोघं बसने जात होते. बसमध्ये ती बायकांच्या घोळक्यात, हा दाराशी लोंबकळत. शिफ्टही वेगवेगळ्या लागल्या. इतक्या लांब रोज दोघांनी जायचं, तर मागच्या माणसाची कंबर शाबूत राहील अशी गाडी हवी, हे त्याने मनाशी ठरवलं होतं. मित्रांनी चेष्टा केली. "अरे, लग्नाची घोडी निवडतोयस का?" त्याने ती हसून सोडून दिली.

"एक चक्कर मारून बघू?" त्याने टायवाल्याला विचारलं. "दोघं?"

टायवाल्याने डोकं खाजवलं. कंपनीचा नियम एकट्याने चालवून बघायचा होता. पण महिन्याअखेर होती आणि हे गिऱ्हाईक पंख्याखाली उभं राहून सीट दाबत बसलं असतं तर आणखी तासभर गेला असता. "मागच्या गोदामांच्या रस्त्याने जाऊन या. पाच मिनिटांत या."

गोदामांचा रस्ता सरळ आणि रिकामा होता. गाडी जड होती, खरं सांगायचं तर त्याला जरा उंचच होती. गाडी उभी केली की एकच पाय धड टेकत होता. त्याने ते तिला सांगितलं नाही.

"धक्के बसतात का?"

"नाही."

"तिकडच्या रस्त्याला शेवटी थोडे खड्डे आहेत म्हणतात."

मग त्याच्या डाव्या खांद्यावर हनुवटी टेकल्याचं त्याला जाणवलं, आणि कानाशी आवाज आला, "अहो."

कित्येक दिवसांनी असा आवाज आला होता. त्याला इतकं बरं वाटलं की पुढे काय येणार आहे याचा विचारही त्याच्या मनाला शिवला नाही. "बोल की."

"मी नाही यायची तिकडे."

"कुठे?"

"नव्या कारखान्यात. आम्हा तपासणीच्या बायकांना कोणालाच घेत नाहीयेत. बाटल्या आता कॅमेरा बघणार. साहेबांनी बोलावून सांगितलं. चहापण दिला."

भट्टीवाल्याच्या हातून वळण सुटलं. गाडी गोदामांच्या शेवटापर्यंत गेली आणि तिथून पुढच्या मोठ्या रस्त्याला लागली.

"कधी सांगितलं?"

"गाडी बंद पडली, त्याच आठवड्यात."

"आणि मला आज सांगतेस?"

"कुठे सांगणार होते?"

"घरी काय झालं होतं सांगायला?"

"घरी तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता," ती म्हणाली. "बघितलंत की माझ्याच्याने बोलवत नाही."

त्याचंही तेच होत होतं, फक्त त्याला ते असं शब्दांत सापडलं नव्हतं. समोरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. त्याने वेग कमी केला.

"मग चार-चार शोरूम कशाला हिंडलीस माझ्याबरोबर?"

"तुम्हीच म्हणाला होतात, चालवून बघायला देतात. पहिल्या तिघांनी दिलीच नाही दोघांना."

त्याला हसू आलं. या बाईने बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बाटल्या बघितल्या होत्या. तिच्या हातून गेलेली बाटली परत आली, असं एकदाही झालं नव्हतं. आणि आता तिला एक कप चहा पाजून घरी बसवणार होते, आणि ती हे सांगायला दीड महिना एका मागच्या सीटची वाट बघत होती. त्याला साहेबाचा राग आला, कॅमेऱ्याचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"तुला वाईट वाटलं?" त्याने विचारलं. प्रश्न खुळा होता, पण गाडीवर खुळे प्रश्न विचारलेले चालत.

"हो," ती म्हणाली. "खूप वाटलं."

गाडी परत वळवत तो म्हणाला, "आणखी एक चक्कर मारू?"

"मारा."

इकडे टायवाला फुटपाथवर येऊन उभा होता. बाईंची पर्स आपल्याकडे आहे, म्हणजे पळून जाणार नाहीत, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. मग त्याने पर्स हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. ती फारच हलकी लागली आणि तो रस्त्यावर उतरून दोन्हीकडे डोकावू लागला. शेवटी कोपऱ्यावर गाडी दिसली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. बाईंचे डोळे लाल होते. धुळीने झाले असतील, असं तो धरून चालला.

"मग हीच फायनल?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्स परत घेतली, प्लास्टिकची खुर्ची ओढून तिच्यावर बैठक मारली आणि बोट दाखवलं. "ती पलीकडची दाखवा. हलकी आहे ती."

"अगं, तिला मागची सीट नावालाच आहे," भट्टीवाला म्हणाला.

"मागे डबा बांधा. बसा तिच्यावर."

तो बसला. तिने डोळे बारीक केले. पांढऱ्या पडद्यासमोर बसल्यावर ती असंच करत असे, ते त्याने कारखान्यात लांबून कितीदा पाहिलं होतं. आता त्या नजरेसमोर तोच होता.

"दोन्ही पाय टेकवा. टेकतात ना? हात सरळ करा. खांदे वर जातायत तुमचे. इतक्या लांब असे गेलात तर मान धरेल. ही नको. दुसरी काढा हो."

टायवाल्याने एकामागून एक गाड्या काढल्या. ती खुर्चीवरून हलली नाही. कुठल्या गाडीवर त्याची पाठ वाकते, कुठल्या गाडीवर गुडघे अवघडतात, सगळं तिने शोधून बाजूला काढलं. शेवटी एक साधी, काळी, कमी ताकदीची गाडी तिने पास केली. टायवाला नंतर आपल्या सोबत्याला म्हणाला, "बाई कुठल्यातरी मोठ्या कंपनीत असणार रे."

नव्या कारखान्याचा रस्ता चांगला निघाला. गाडीही चांगली निघाली. मान धरली नाही, कंबर धरली नाही. फक्त जाताना रस्त्यात काही दिसलं, की भट्टीवाला सवयीने मान जरा डावीकडे कलती करायचा आणि तिथे नुसता वारा यायचा. घरी जाऊन हे सांगायचं, ते सांगायचं, असं तो मनात घोकत यायचा: नव्या भट्टीजवळ कोणी उभंही राहत नाही, सगळं काचेच्या खोलीत बसून बघतात. तिथे त्याला करमत नाही.

घरी आला की ती पाण्याचा तांब्या पुढे करायची.

"कसा होता रस्ता?"

"बरा होता."

जेवायला दोघं समोरासमोर बसत. ती त्याच्याकडे बघायची, तो तिच्याकडे बघायचा, आणि घोकलेलं सगळं कुठल्या कुठे जायचं. "भाजी छान झालीय," तो म्हणायचा. एकदा तर भाजी केलेलीच नव्हती. मुलगी खो-खो हसली. आईने मालिकेवरची नजर काढून दोघांना न्याहाळलं आणि विचारलं, "भांडलात का रे दोघं?"

"नाही गं आई."

"मग भांडा तरी. किती गप्प बसायचं माणसाने."

एका रविवारी सकाळी त्याने गाडी दारासमोर डबल स्टँडवर लावली, चेनवरचं झाकण काढलं आणि उकिडवा बसून जुन्या फडक्याने चेन पुसायला घेतली. आठवड्याची धूळ आणि तेल मिळून काळा चिखल झाला होता. मागे पायरीवर ती मटाराच्या शेंगांची टोपली घेऊन येऊन बसली. घरात तिला जागा नव्हती असं नाही. शेंगा फुटण्याचे आवाज त्याला पाठीमागून येत राहिले. मग ते थांबले.

"अहो."

तो वळायला निघाला. अर्धी मान वळली, आणि तिथेच थांबून त्याने ती परत चेनकडे नेली.

"बोल."

"मला अजून जुन्या वेळेलाच जाग येते. उठून आवरून घेते. मग आठवतं की जायचं नाहीये कुठे."

"हूं."

"काल औषधाच्या दुकानात गेले होते. आईंचं खोकल्याचं औषध आणायला. त्याने बाटली हातात दिली आणि मी ती उजेडात धरून फिरवून बघायला लागले. दुकानभर लोक. तो म्हणतो, काय बघताय काकू, तारीख खाली लिहिलीय."

भट्टीवाल्याने चाक थोडं पुढे फिरवलं. पुसलेली चेन वर गेली, काळी खाली आली.

"निघालं काही?"

"नाही," ती म्हणाली. "मी सगळीकडून बघितली. मान बघितली, बूड बघितलं. एकदम चांगली होती." टोपली जरा सरकल्याचा आवाज आला. "आपल्याच कारखान्यातली होती. नवीन माल. मी नसतानाही चांगली होती."

उठून तिच्यापाशी जावं, असं त्याला फार फार वाटलं. पण गेला असता तर ती गप्प झाली असती, डोळे पुसून शेंगांना लागली असती, आणि तोही भाजीबद्दल काहीतरी बोलला असता. तो बसल्या जागी घट्ट बसून राहिला.

"मग?"

"मग काय. घेतली आणि आले. येताना वाटलं, तुम्हाला सांगावं."

"सांग ना," तो म्हणाला. "अजून काय काय झालं ते सांग."

शेंगा पुन्हा फुटायला लागल्या. ती बोलत राहिली, दुपारी घर किती मोठं वाटतं ते, पॅकिंगमधल्या मैत्रिणीने फोन उचलला नाही ते, मुलीच्या मनात काहीतरी चाललंय असा तिला संशय आहे ते. चेन केव्हाच लखलखीत झाली होती. भट्टीवाल्याने चाक फिरवलं आणि ती पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतली.