वरचा गिअर

शिवारातला शेवटचा तुकडा आयटी पार्कच्या कुंपणात गेला, तेव्हा हिंजवडीच्या सोनबाने मुलाला, पोपटला, डिझेल गाडी घेऊन दिली. "आता हीच आपली जमीन हाय," असं तो येईल त्याला सांगायचा. पोपट कंपनीतल्या माणसांची ने-आण करू लागला.

गाडी शिकवली सोनबानेच, आणि शिकवली ट्रॅक्टरसारखी. "इंजिन वढतंय तवर गिअर खाली टाकायचा न्हाय. डिझेल वाचतं." घरात बाप म्हणेल ती पूर्व दिशा! हिंजवडीच्या कोंडीतही पोपट गाडी वरच्या गिअरमध्येच रेटायचा. ती पायाखाली थरथरायची, आणि हा डिझेल वाचल्याच्या आनंदात.

मग खालून खडखडाट सुरू झाला. क्लचही घसरू लागला. उत्तरेश्वर मिस्त्रीने गाडी उघडली. इंजिन आणि क्लच यांच्यामधलं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, या गाडीत दोन भागांचं होतं. मधल्या स्प्रिंगा इंजिनचे हिसके गिळायच्या. वरच्या गिअरच्या सततच्या हिसक्यांनी त्यांचा पार चुरा झाला होता. तसंच नवं घेणं पोपटला झेपेना, म्हणून त्याने एकसंध लोखंडी चाक बसवून घेतलं. आता हिसके गिळायला मध्ये कोणीच उरलं नाही. ते थेट गिअरबॉक्सवर बसू लागले, आणि पोपटची सवय तीच. वर्षाच्या आत गिअरबॉक्सनेही जीव सोडला.

"ट्रॅक्टरसारखी हाकलीत ना?" मिस्त्री म्हणाला. "शिकवलं कोणी तुम्हाला?"

सोनबा गॅरेजच्या दारातच बाकावर बसला होता. पोपटने एकदा तिकडे बघितलं.

"कुणी न्हाय. माझं मीच शिकलो."

घरी जाताना त्याने बापाला सांगितलं, "आबा, मालच खराब निघाला." एरवी कंपन्यांना शिव्यांची लाखोली वाहणारा सोनबा नुसता 'हं' म्हणाला.

गाडी भंगाराच्या भावात गेली. पोपट दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. जमीन दुसऱ्यांदा गेली, आणि या खेपेला आपल्याच हातांनी, हे त्याला आतून खात होतं.

एकदा रिकाम्या गाडीतून तो सोनबाला कात्रजला, आत्याकडे सोडायला निघाला. चढ लागला. सवयीने गिअर वरच राहिला आणि गाडी थरथरू लागली.

"गिअर खाली टाक, पोपट," सोनबा हळूच म्हणाला. "आता तरी माझं ऐकू नगंस."

पोपटने गिअर खाली टाकला. गाडी मुकाट चढू लागली. बापाकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.