डोक्यातली अळी आणि ऐनाचं पान

आलापल्लीच्या रस्त्याला ऐनाच्या झाडांखाली माणसांचा हा गराडा! साल चौऱ्याऐंशीचं. विभूतीबाबा म्हणे अर्धशिशीचं बिनचाकूचं ऑपरेशन करायचे. कपाळाला हळद चोळायची, वर कमंडलूतलं पाणी शिंपडायचं, की घळाघळा रक्त. मग कापसाचा बोळा दाबला, की कानशिलातून मेंदू खाणारा वळवळता किडा बाहेर! लोक हात जोडून उभे होते.

ठमाबाई मात्र घामानं भिजली होती. तिची लेक कांता पाटावर बसली होती, अर्धं डोकं दाबून. तीन वर्षं झाली, दर आठ-पंधरा दिवसांनी दुखणं उठायचं. उजेड सोसवत नसे, पोटात अन्न ठरत नसे. आणि आता बाबांच्या शेगडीत जाडजूड दाभण तापत होतं.

"किडा निकल गया," बाबा गरजले, "लेकिन जड बाकी है! डोळ्याच्या बाजूनं दाभण घातल्याबिगर सुटका नाही!"

मागच्या बाजाराला गावातल्याच इतवारी नावाच्या बाईचा डोळा असाच गेला. बाबा म्हणाले, तिची श्रद्धा कमी पडली. वा रे वा! डोळाही तिचाच गेला अन् चूकही तिचीच.

"माय, मले भेव लागून राह्यलं," कांता पुटपुटली.

ठमाबाईची नजर कांताच्या कानशिलातून नुकत्याच काढलेल्या, ताटलीतल्या किड्यावर गेली. हिरवा, बोटाच्या पेराएवढा, कुशीला चांदीसारखे ठिपके. कोशाची, म्हणजे टसर रेशमाची अळी! ऐनावर असल्या अळ्या राखण्यातच तिचा जन्म गेला होता. चार दिवसांपासून झाडावरच्या अळ्या कमी होत होत्या, अन् ही वेडी कावळ्यांना शिव्या घालत होती.

तिनं फांदी ओढली, ऐनाचं पान तोडून ताटलीत टाकलं.

"ए बाई, हात मत लगा!"

"काऊन? मेंदू खाते ना हे? पाहू तं खरं."

अळी पानावर चढली आणि कडेनं कुरतडू लागली.

"अबे, हे तं कोशाची अळी हाय!" ठमाबाईचा दीर देवाजी ओरडला. त्यानं बाबांचा बोळा उसकटला. आत आणखी दोन अळ्या!

"मंग रक्त?" कुणीतरी विचारलं.

ठमाबाईनं देवाजीच्या तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला अन् बाबांच्या वाटीतल्या कोरड्या हळदीत कालवला. लालभडक! कमंडलूत चुन्याचंच पाणी होतं.

बाबांनी तापलेलं दाभण उचललं. "हटो! सबका सत्यानाश होगा!"

गर्दी मागं सरली. ठमाबाई लेकीच्या पुढं उभी राहिली.

"टोच. आधी मले टोच."

बाबा दाभण घेऊन पुढं सरले. तेवढ्यात देवाजीनं त्यांचं मनगट धरलं, मग गावानं गचांडी.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अर्धशिशीत डोक्यात किडा नसतो, मग कापून काढणार काय? गोळ्या घ्या, वेळेवर जेवा, पुरेसं झोपा. दुखणं आटोक्यात राहील."

कांताचं डोकं अजूनही अधूनमधून दुखतं. पण तिचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. इतवारीला एकच उरला. म्हणून सांगतो मायबापहो, कुणी डोक्यातून किडा काढून दाखवला, तर हात जोडण्याआधी त्या किड्यापुढं एक पान टाकून पाहा.