पाठीवरची वीतभर जागा

"कढत घाल रे पाणी, बाहेर दात वाजताहेत. आणि साबण चांगला दोनदा लाव. आज मुलगा येतोय न्यायला," मॅडम न्हाणीघराच्या दारातून ओरडल्या.

मी बादलीत कोपर बुडवून बघितलं. कोमट. तेवढंच राहू दिलं.

"कढत पाण्यानं यांची कातडी तडकते मॅडम. चार महिने सांभाळलीय."

"तू काय डॉक्टर लागून गेलास? आणि शेवटी पावडर मार भरपूर. वास आला पाहिजे."

पावडर! या वृद्धाश्रमात भेटायला येणारा प्रत्येक जण सुगंधी पावडरचा डबा घेऊन येतो. कपाटात एकोणीस डबे पडलेत. थंडीत म्हाताऱ्या अंगावर आधीच ओलावा नसतो, उरलासुरला तोही पावडर पिऊन टाकते. मग माणूस खाजवत बसतं, रक्त निघेपर्यंत. पण डबा आणणाऱ्याला ते बघायला थांबायचं नसतं. बाप स्वच्छ आहे एवढी खात्री नाकाला पटली की तो सुटला.

"गेल्या का बाईसाहेब?" स्टुलावरून आजोबांनी विचारलं.

"गेल्या."

"मग कर चालू. मी मोजतो."

आजोबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. सगळे त्यांना घड्याळवाले म्हणतात आणि मला मलम्या. हिवाळ्याच्या तोंडावर ते इथे आले तेव्हा पायमोजा काढला की कोंडा उडायचा, नडग्यांवर मासळीसारखे खवले. मी सांगितलं होतं, आंघोळ झाली की अंग वाळायच्या आत, तीन मिनिटांत, मलम लागलं पाहिजे. त्यावर त्यांनी विचारलं, "तीन म्हणजे अंदाजे, की खरी तीन?" तेव्हापासून रोज मोजतात.

मी टॉवेलनं अंग टिपलं. घासलं नाही. मग हात, कोपर, नडग्या, टाचा.

"एकशे बेचाळीस. डावा गुडघा राहिला. एकशे पन्नास. पाठीला जरा दाब रे... हां."

पाठ मी नेहमी शेवटी घेतो. तिथे हात फिरला की ते मोजायचं विसरतात आणि मधले आकडे गाळतात. मी कधी बोलून दाखवलं नाही.

"एकशे एकाहत्तर. नऊ सेकंद हातात. सुधारलास."

"तुम्ही वाळलात म्हणून. अंगच कमी झालं लावायला."

ते खो खो हसले. मग एकदम म्हणाले, "मलम्या, तुझी पाठ कोण करतं?"

"कसली पाठ?"

"माझं झालं की रोज तू त्या चौकटीला पाठ घासतोस. म्हैस घासते तशी. मला कमी दिसतं, पण म्हैस दिसते."

"बायको करायची," मी म्हणालो.

करायची, एवढ्यात सगळं आलं. तिला जाऊन तीन हिवाळे झाले. त्यांनी मलमाच्या डबीत दोन बोटं घातली. तांदळाच्या कणीएवढे स्क्रू धरणारी ती बोटं आता मलमानं माखली होती.

"सदरा वर कर. फिर."

"काहीतरीच काय आजोबा! मी नोकर माणूस इथला."

"फिर म्हणतो ना."

"गाडी येईल तुमची. चला, बाही घाला."

मलम घेतलेली बोटं थोडा वेळ तशीच वर राहिली. मग त्यांनी ती आपल्याच मनगटावर पुसली.

मुलगा आला. मोठं घर घेतलंय, आता बाबांना खोली आहे, असं त्यानं मॅडमना दोनदा सांगितलं. पिशवीतून पावडरचा डबा डोकावत होता. मी त्याला समोर उभं केलं. कोमट पाणी, साबण फक्त काखेत आणि जांघेत, टिपून घ्यायचं, तीन मिनिटांत मलम, आणि पाठ विसरायची नाही.

"हो हो. दिवसभराची बाई ठेवलीय. लिहून देता का? तिला दाखवतो."

"लिहून कशाला? हात लावून बघा, कळेल."

त्यानं बापाच्या दंडावर एक बोट टेकवलं आणि लगेच रुमाल शोधायला लागला.

"बाप आहे तो तुमचा," मी म्हणालो, "ओला रंग नाही."

मॅडमनी डोळे वटारले. मुलगा कानापर्यंत लाल झाला, पण त्यानं काही दुसऱ्यांदा हात लावला नाही. मी पिशवीतला डबा काढून कपाटात ठेवला. हा विसावा डबा. आणि माझ्याकडची मलमाची डबी आजोबांच्या खिशात घातली.

गाडीची काच वर जाता जाता ते म्हणाले, "एकशे ऐंशी. त्या बाईला सांगीन मी. तू काळजी करू नकोस."

चार वाजता ड्युटी सुटली. खोलीवर येऊन मी आंघोळ केली. कोमट पाणी, टॉवेलनं टिपून. नवी डबी उघडली आणि एकपासून मोजायला लागलो. हात, नडग्या, टाचा. शंभरपर्यंत सगळं उरकलं. मग एक हात खालून घातला, एक खांद्यावरून. दोन्हींच्या मध्ये वीतभर जागा राहिली. कालथ्याला फडकं गुंडाळून बघितलं. मलम सगळं फडक्यानंच खाल्लं.

एकशे ऐंशी झाले. मी मोजत राहिलो. दोनशे बाराला ती जागा वाळली, ओढल्यासारखी झाली.

सदरा चढवला.