साहेबाचं सुतक

चांगुणाबाईंच्या घरात पुस्तक एकटीनं वाचायची सोय नव्हती. त्यांची नवी सून अश्विनी सावेडीच्या माहेराहून एक रहस्यकथा घेऊन राळेगणसिद्धीला आली, आणि पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी ती पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं. पुस्तक म्हणजे पोथी, आणि पोथी मोठ्यानंच वाचायची. शेजारची बनुबाईही पदर सावरून ऐकायला बसली.

गोष्ट इंग्रजांच्या काळातल्या नगरची. ख्रिसमसची मेजवानी रंगलेली. साहेबानं आधी पेला रिचवला, मग केक कापला, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत विष भिनून खुर्चीवरून कोसळला.

"मेला?" सासूबाईंनी विचारलं.

"मेला."

"मग मिटव पोथी. सुतक लागलं."

अश्विनीला आधी थट्टाच वाटली.

"हसतीस काय? आपल्या वसरीवर मेला, ऐन दिवेलागणीला. त्याचं हितं दुसरं कोन हाय?"

झालं! देवपूजा बनुबाईकडं गेली आणि पोथी फडताळात. खून कुणी केला? आचाऱ्यानं, डॉक्टरनं, की घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दारानं? अश्विनीच्या जिवाची नुसती तगमग. शेवटी एका दुपारी सासूबाई गोठ्यात गेल्याचं बघून तिनं शेवटची पानं वाचलीच. मडम! साहेबाची लग्नाची बायको! जीव भांड्यात पडला खरा, पण लगेच तिनं पोथी होती तशी फडताळात ठेवून दिली. सुतकात पोथीला हात लावल्याचं कळलं तर सासूबाई बोलणं टाकतील, आणि अश्विनीला तर त्या तऱ्हेवाईक बाईचा भारी लळा लागला होता.

दहाव्याला तिचा नवरा ओंकार नगरहून केक घेऊन आला. साहेबाचा राहिलेला घास तो. गच्चीवर पत्रावळीत मांडला. कठड्यावर कावळे जमले, पण एकही शिवेना.

"तुमच्या घोड्याला चारा घालू," सासूबाई हात जोडून म्हणाल्या. कावळे ढिम्म.

"कुत्र्याला भाकरी घालू." एकानं तोंड फिरवलं.

"बरं, तुमच्या मडमेला अंतर देनार न्हाई. लेकीवानी सांभाळू!"

कावळे भर्रकन उडाले आणि पार पलीकडच्या लिंबावर जाऊन बसले.

ऊन चढलं. सकाळपासून उपाशी असलेल्या सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. "परमुलखात मेलं बिचारं, आन् आपल्या दारातनं उपाशी चाललं," त्या म्हणाल्या. अश्विनीला ते बघवेना.

"साहेब," ती लिंबाकडे बघून ओरडली, "मडमेनंच घातलं तुम्हाला विष! तिला आम्ही दारात उभी करणार नाही!"

एक कावळा आला, केकवरची चेरी उचलली आणि गेला.

अश्विनीनं मान खाली घातली. "आई, चुकलं माझं. सुतकात वाचली मी."

"सुतकाचं मरू दे, देव बघून घील." चांगुणाबाईंचा आवाज संतापानं कापत होता. "मी आन् बनुबाई रोज धुनं धुताना आचाऱ्यावर संशय घेत हुतो. लई गोडी लागली हुती. आन् तू शेवट सांगून टाकलास गं!"

आणि त्यांनी खरोखरच बोलणं टाकलं, ते सावेडीहून दुसरी रहस्यकथा येईपर्यंत.