बोर्डाखालची फुली

आपल्या धाकट्या मुलाइतका चिकट माणूस म्हातारीने जन्मात पाहिला नव्हता. एका शब्दापायी तीन आठवडे! शब्दकोशाचं काम घरी आणून त्याने जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि सगळं घर मांडीवर ताट घेऊन जेवायला लागलं. चिठ्ठ्यांना हात लावायचा नाही, पंखासुद्धा लावायचा नाही.

शब्द तरी कुठला? बोर्ड. सुतारकामाचा कारखाना चालवून केस पिकलेल्या बाईला पोटच्या पोराने शिकवावं, की बोर्ड म्हणजे मुळात फळी!

"मग फळीचं टेबल झालं, आई. टेबलावरचं जेवण तेही बोर्ड, आणि टेबलाभोवती बसून कारभार हाकतात तेही बोर्ड."

"जेवणाचा अर्थ सांगतोस आणि जेवायला जागा ठेवत नाहीस!"

सून ताटात बघून हसली.

आज बाराला प्रकाशकाचा माणूस पानं न्यायला येणार होता. दोनदा तो हात हलवत परतला होता. आता काम दुसऱ्याला देऊ, असं दारातच बजावून गेला होता. आणि बाराला पाच मिनिटं असताना धाकट्याने लिहून झालेलं पान टराटरा फाडलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "आता काय बिनसलं?"

"जहाजाच्या बाजूलाही बोर्डच म्हणायचे. ते या फळीतूनच आलं, की तो वेगळाच शब्द होता आणि पुढे यात मिसळला? पंडितांचंच एकमत नाही. सांधा कुठे आहे तेच दिसत नाही गं!"

सांधा म्हटल्यावर ती थबकली. कोपऱ्यातलं स्टूल उचलून तिने चिठ्ठ्यांवरच पालथं घातलं. खालच्या बाजूला पेन्सिलीची पुसट फुली होती.

"ही कुणाची?" तिने विचारलं.

"बाबांची. दोन फळ्या एकाच झाडाच्या आहेत की नाहीत ते कळलं नाही, की फुली मारायचे. गिऱ्हाइकाला दाखवायचे."

"आणि माल अडवून ठेवायचे?"

त्याने नकारार्थी मान हलवली. दारावरची घंटा वाजली. सून उठली, म्हातारीने तिला हातानेच थांबवलं आणि कोरा कागद धाकट्यापुढे सरकवला.

"तुझा बाप चौथी नापास, पण 'कळत नाही' म्हणायला कधी लाजला नाही. तू एवढी बुकं वाचलीस आणि नेमकं तेवढंच शिकायचं राहिलं. फाडलेलं पुन्हा उतरव, शेवटी फुली मार, 'खात्री नाही' असं लिही आणि पान त्या माणसाच्या हातात दे. तोवर त्याला मी चहावर बसवते. आणि ऐक, आज मी टेबलावर जेवणार आहे."